रेहानचा डावा हात

लाइनबॅकर म्हणजे काय, हे मला चार वर्षं लोकांना नीट सांगता आलं नाही. इथे कुवेतमध्ये, फिंतासला, जुम्म्याची नमाज झाली की मशिदीबाहेर चपला शोधताना कोणीतरी विचारायचंच, "मुनव्वरभाई, तुमचा रेहान नक्की खेळतो काय?" अमेरिकन फुटबॉल, मी सांगायचो. "मग किती गोल झाले त्याचे?" गोल नाहीत हो. चेंडू पोटाशी धरून पळणाऱ्याला तो आडवा जातो आणि खाली पाडतो. समोरचा दापोली-मंडणगडकडचा असला तर काम सोपं व्हायचं. त्याला म्हणायचो, चढाईला आलेल्याला मधून उचलणारा गडी असतो ना कबड्डीत, तो. फक्त इथं चढाई करणारा शंभर किलोचा असतो आणि धावत येतो.

पुढे टीव्हीवर बघून बघून मलाही थोडं कळायला लागलं. सगळ्यात पुढे धिप्पाडांची एक रांग असते. तिच्या मागे चार पावलांवर रेहान. रांगेतून जो निसटेल तो रेहानचा. आणि रेहानच्या हातून जो निसटेल त्याला अडवायला मागे एक-दोन गडीच उरतात.

रेहान कुवेतचाच जन्मलेला. शाळेत एक अमेरिकन सर खेळ शिकवायला होते. त्यांनी वाळूच्या मैदानावर पोरांच्या कमरेला फडकी बांधून हा खेळ सुरू केला, पाडायच्या ऐवजी फडकं ओढायचं. चौदाव्या वर्षी रेहान सहा फूट आणि नव्वद किलो होता. सर घरी आले, फखरुन्निसाच्या हातची तांदळाची भाकरी आणि पापलेट खाल्लं आणि म्हणाले, याला अमेरिकेला पाठवा. फखरुन्निसाचा भाऊ इद्रीस न्यू जर्सीत असतो. पंधराव्या वर्षी पोरगा मामाकडे गेला. तिथली शाळा, मग शिष्यवृत्तीवर कॉलेज. कॉलेज संपल्यावर मोठे संघ पोरांची निवड करतात, त्यात त्याचं नाव आलं नाही. तरी एका संघाने सरावापुरता ठेवला. पहिलं वर्ष तो फक्त सरावाला होता. दुसऱ्या वर्षी त्याच्या जागेवरच्या खेळाडूचा खांदा निखळला आणि रेहान आत गेला, तो बाहेर आलाच नाही. पाठीवर आमचं आडनाव, सारंग. समालोचक म्हणायचे 'सॅरँग'. रविवारी इशाच्या नमाजेनंतर मी टीव्ही लावून बसायचो. फखरुन्निसा आतल्या खोलीत बसायची, आणि सामना संपला की एवढंच विचारायची, "उभा आहे ना?"

उभा असायचा. तीन वर्षं.

या जानेवारीत संघाने त्याला काढून टाकलं. पकड सुटते, पाय मंद झाले, असं काहीतरी कारण त्यांनी सांगितलं. फेब्रुवारीत तो व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आला. विमानतळावर दोन बॅगा घेऊन उभा होता. दोन्ही बॅगा उजव्या हातात. मी म्हटलं, एक इकडे दे. त्याने दिली. त्या वेळी मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

घरी तो झोपायचा. दहा तास, बारा तास. उठला की गॅलरीत बसायचा. आमच्या गॅलरीतून दोन इमारतींच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसते. तिच्याकडे बघायचा असंही नाही, तोंड तिकडे असायचं एवढंच. काही विचारलं की "इट्स फाइन, अब्बा." जेवणार? "फाइन." बाहेर जायचं? "नाही, फाइन." ओळखीची माणसं भेटायला येत, तर त्यांच्यासमोर नीट बसायचा, पोरांबरोबर फोटो काढून घ्यायचा. ती गेली की परत गॅलरी. रागवायचा नाही, रडायचाही नाही. फखरुन्निसा मला म्हणाली, "रागावला असता तरी बरा झाला असता. हा घरात आहे असा वाटतच नाय."

तो आल्याला तीन आठवडे झाले असतील. शुक्रवारची सकाळ होती. मी बाहेर पेपर चाळत होतो. फखरुन्निसाने भाकऱ्या केल्या आणि तवा उतरवून ओट्यावर ठेवला. रेहान पाणी प्यायला आत गेला. ती त्याला गावच्या घराच्या कौलांचं काहीतरी सांगत होती, आणि तो ओट्याला टेकून ऐकत होता. मग तिची किंकाळी आली.

"हात काढ! अरे हात काढ तुजा!"

मी धावलो. रेहानचा डावा तळवा तव्यावर होता. सबंध तळवा. वास स्वयंपाकघरात भरला होता. तो आईकडे बघत होता, ही का ओरडतेय असं. मग त्याने हाताकडे बघितलं आणि उचलला. सावकाश. जणू दुसऱ्या कोणाचा हात उचलून बाजूला ठेवतोय.

"ओह," तो म्हणाला.

दवाखान्यात नर्सने फोड कापून साफ केले. मला बघवत नव्हतं. डॉक्टर त्याला म्हणाले, दुखतंय तर इंजेक्शन देतो. रेहान म्हणाला, नको, गरज नाही. डॉक्टरांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग त्याच्या करंगळीला सुई टोचली. मग शेजारच्या बोटाला. मग मनगटाला.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"बरेच दिवस," रेहान म्हणाला.

परत येताना गाडीत सिग्नलला थांबलो असताना तो आपणहून बोलायला लागला. त्याचं मराठी घरातलं, मध्ये मध्ये इंग्रजी.

"अब्बा, दोन वर्षं झाली. डोकं खाली घालून टक्कर झाली की मानेतून खाली करंट जातो. हात मरतो. आधी एका मिनिटात परत यायचा. मग दहा मिनिटं लागायला लागली. मग दुसऱ्या दिवशी यायचा. या सीझनमध्ये ही दोन बोटं परत आलीच नाहीत."

"तिथल्या डॉक्टरांना सांगितलंस?"

"ते विचारायचे. मी नाही म्हणायचो. सांगितलं तर बाहेर बसवतात, आणि बाहेर बसलं की जागा दुसऱ्याची होते. मला तशीच तर मिळाली होती."

मागच्या गाडीने हॉर्न मारला. मी गाडी पुढे घेतली.

"कोरी तुम्हाला आठवतो?" त्याने विचारलं.

आठवत होता. कोरी त्याच्या मागे उभा राहायचा, शेवटच्या फळीत. हसरा, बारीक चणीचा. एकदा रेहानच्या फोनवर मला 'सलाम, अंकल' म्हणाला होता. डिसेंबरमधल्या सामन्यात त्याचा गुडघा गेला होता, तेही मी टीव्हीवर बघितलं होतं. चेंडूवाला रेहानच्या बाजूने घुसला, रेहानने त्याला धरल्यासारखं केलं, पण तो सुटला. मागून कोरी आडवा आला आणि त्याचा पाय मातीत रुतल्यासारखा तिथेच राहिला, बाकीचं अंग पुढे गेलं. त्याला छोट्या गाडीवर घालून नेलं तेव्हा मी अल्लाचे आभार मानले होते, की तो माझा मुलगा नव्हता.

"त्या माणसाची जर्सी माझ्या डाव्या हातात होती," रेहान म्हणाला. "मला दिसत होती. मूठ बंदच झाली नाही. पहिल्या पंधरा मिनिटांतच हात गेला होता, अब्बा. मला माहीत होतं. मी बाहेर आलो नाही."

"मग?"

"मग काही नाही. कोरीचा गुडघा गेला. मला काढलं. कोणाला माहीत नाही."

हे सगळं त्याने ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात तो 'फाइन' म्हणायचा.

यानंतरचं सांगायला मला जड जातं, पण सांगतो. चार दिवसांनी त्याच्या एजंटबाईचा फोन आला. दुसऱ्या एका संघाला लाइनबॅकर हवा होता. रेहानच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत त्यांना आवडली होती. दोन आठवड्यांनी या, वैद्यकीय तपासणी होईल, मग सही. रेहानने जेवताना हे आम्हाला सांगितलं आणि माशाचा काटा काढत राहिला.

मी म्हणालो, "दोन आठवड्यांत हाताला आराम पडेल."

मी असं म्हणालो. बत्तीस वर्षं मी शुवेखच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम करतोय, उणे अठरामध्ये. बोटं बधिर होणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे, किंवा माहीत आहे असं मला वाटत होतं. माझी बोटं बाहेर उन्हात आलं की पाच मिनिटांत जागी होतात. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर परत रविवार आला. टीव्ही आला, पाठीवरचं आडनाव आलं, मशिदीबाहेर विचारणारी माणसं आली. एक क्षण का होईना, मला ते हवं होतं.

फखरुन्निसाने ताट पुढे सरकवलं. "तव्यावर हात भाजला तरी कलला नाय त्याला. आणि तुमी बोलता आराम पडेल." उठून आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा टेबलावर ठेवायची आणि वळायची.

रेहान मात्र कोणाच्याच बाजूने बोलला नाही. मी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं? जायचंय?" तो विचार करून म्हणाला, "काही वाटतच नाही, अब्बा. जा म्हणालात तर जाईन." तेव्हा मी घाबरलो. पोरगा मला विचारून आत्महत्या करायला निघालाय असं मला वाटलं, आणि मी होय म्हणून बसलो होतो.

दुसऱ्याच दिवशी मी सुट्टी टाकली आणि त्याला हवल्लीला घेऊन गेलो. तिथे एका खासगी दवाखान्यात मुक्ता देशमाने नावाच्या डॉक्टर आहेत, मज्जातंतूंच्या. मूळच्या लातूरच्या. आमच्या कंपनीतल्या एकाची पाठ त्यांनी बघितली होती. रेहानला अर्धा तास मशीनमध्ये घातलं. मग त्यांनी आम्हा दोघांना बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं.

"हे मानेचे मणके," त्या म्हणाल्या. "यांच्या मधून मुख्य दोरी खाली जाते. तिच्याभोवती थोडं पाणी असतं, गादीसारखं. इथं वर दिसतंय बघा, पांढरं. आणि इथं?"

इथं पांढरं नव्हतं. दोन ठिकाणी.

"जन्मापासूनच जागा थोडी अरुंद असणार. त्यात इतकी वर्षं धडका. हाताचं सोडा, हात त्या मानाने लहान गोष्ट आहे. डोकं खाली घालून एक सरळ धडक बसली, तर मानेच्या खालचं सगळंच जाऊ शकतं. हात, पाय, श्वाससुद्धा."

रेहानने विचारलं, "अशा किती धडका चालतील?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अरे बाळा, असा आकडा नसतो. पुढचीच असेल किंवा कधीच नसेल. तू आजवर चालत आलायस हेच मला नवल वाटतंय. खेळ संपला असं समज. व्यायाम करून मानेचे स्नायू सांभाळू, हाताची थोडी ताकद येईलही. ही दोन बोटं मात्र परत येतील असं मी सांगणार नाही. वय काय तुझं?"

"सत्तावीस."

"हं," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ कागदावर लिहीत राहिल्या.

खाली येऊन आम्ही गाडीत बसलो. दुपारची वेळ, हवल्लीची गर्दी, पुढे एक ट्रक आडवा लावून सामान उतरवत होते, त्यामुळे निघताच येईना. मी एसी लावला. मला त्याची माफी मागायची होती. कशी मागायची ते सुचत नव्हतं. "रेहान, त्या दिवशी मी जे बोललो..." एवढंच म्हणालो.

"फाइन, अब्बा," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "नाही. फाइन नव्हतं. पण ठीक आहे."

त्याने फोन काढून एजंटबाईला लावला. फोन गाडीला जोडलेला असल्याने आवाज मोठ्याने आला. बोलणं इंग्रजीत होतं. त्याने तिला हाताचं सांगितलं, मानेचं सांगितलं, डॉक्टरांनी काय म्हटलं ते सांगितलं. ती म्हणाली, "रेहान, हे मी एकदा ऐकलं की न ऐकल्यासारखं करू शकत नाही. कळतंय ना तुला?" तो म्हणाला, "म्हणूनच सांगतोय." ती मग 'काळजी घे' म्हणाली. चार वर्षांची नोकरी, त्याआधीची आठ वर्षं, सगळं मिळून तीन मिनिटांत संपलं. ट्रक अजून हलला नव्हता.

मग त्याने दुसरा नंबर लावला. तिकडे सकाळ असणार.

"सॅरँग! कुठे आहेस तू?"

"घरी. कुवेतला. गुडघा कसा आहे?"

"दोन ऑपरेशनं झाली. तिसरं जूनमध्ये. मग बघायचं."

"कोरी, मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी माझा डावा हात काम करत नव्हता. सुरुवातीपासून. मला माहीत होतं आणि मी मैदानावर राहिलो. तो माणूस माझ्या हातात होता. मूठ बंद झाली नाही."

पलीकडे मागे कुठेतरी कुत्रा भुंकत होता.

"कोचला माहीत होतं?"

"नाही."

"डॉक्टरांना?"

"नाही. फक्त मला."

"आणि आता मला का सांगतोयस? मला कळावं म्हणून, की तुला झोप यावी म्हणून?"

रेहान म्हणाला, "मला झोप येते."

ते खरंच होतं. मी त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त उजव्या हाताने तो डाव्या हातावरची पट्टी सारखी करत होता, जी आधीच सारखी होती.

"ठीक आहे," कोरी म्हणाला आणि फोन बंद झाला.

त्यानंतर दोन महिने तो आमच्याकडे होता. रोज मानेचे व्यायाम, आठवड्यातून दोनदा हवल्ली. तळवा भरला, वर गुलाबी कातडी आली. फखरुन्निसा त्याच्याजवळ बसून त्याला उगाच कामं सांगायची, लसूण सोल, तांदूळ निवड. तो निमूट करायचा. एका शुक्रवारी आम्ही तिघं खैरानला गेलो, समुद्रावर. तो कमरेइतक्या पाण्यात तासभर उभा राहिला. बाहेर आल्यावर फखरुन्निसाने विचारलं, "थंड आहे पानी?" तो म्हणाला, "उजवीकडे थंड आहे." ती आधी हसली, मग तोंड फिरवून बसली. मशिदीबाहेर मी लोकांना सांगितलं, रेहान आता खेळत नाही. का? मान दुखावली. सगळे म्हणाले, अल्ला बरं करेल. दोन शुक्रवारांनंतर विचारणं थांबलं.

मे महिन्यात व्हिसा संपत आला. त्याच्याकडे अमेरिकेचं ग्रीन कार्ड आहे. मला वाटलं, मामाकडे जाईल, काहीतरी नोकरी बघेल. त्याने तिकीट काढलं ते कोरीच्या गावचं.

"त्याने बोलावलंय?" मी विचारलं.

"नाही. त्याला मी मेसेज केले. उत्तर नाही."

"मग?"

"जाऊन बघतो."

फखरुन्निसा मध्ये बोलली नाही. तिने डबा बांधून दिला, तोही त्या घरासाठी. नारळाच्या वड्या.

आठ-नऊ दिवसांनी शुक्रवारी त्याचा फोन आला. आम्ही जेवून बसलो होतो, मी फोन स्पीकरवर ठेवला.

"भेटला?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी त्याच्या आईने दार उघडलं. तो खोलीतून बाहेर आला नाही. मी मोटेलवर गेलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. त्याच्या आईला सकाळी कामाला जायचं असतं आणि त्याला थेरपीला न्यायला कोणी नसतं. ती म्हणाली, गाडी चालवतोस? म्हटलं, चालवतो. तेव्हापासून रोज नेतो. तो मागे बसतो, पाय लांब करून."

"बोलतो?"

"चार दिवस काही बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, हळू चालव, खड्डे लागतात."

"आणि?"

"आणि मी हळू चालवतो." तो म्हणाला. "काल विचारत होता, तुझा हात कसा आहे. दाखवला. त्याने बोट दाबून बघितलं. म्हणाला, मूर्ख आहेस. मी म्हटलं, हो."

"ऑपरेशन कधी?"

"बारा जूनला. तोपर्यंत तरी मी इथेच आहे. त्याच्या आईला विचारलंय."

मला विचारायचं होतं, की पोरा, तुला कसं वाटतंय. विचारलं.

त्याच्या मागे गाड्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "माहीत नाही, अब्बा. अजून काही वाटत नाही फारसं. पण सकाळी गजर लावून उठतो."

फखरुन्निसा माझ्या हातातला फोन स्वतःकडे ओढत म्हणाली, "वड्या खाल्ल्या काय त्यांनी?"

"त्याच्या आईने दोन खाल्ल्या," रेहान म्हणाला. "उरलेल्या कोरीने."